जड ग्रहावरचं उठणं

लातुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण त्यातून विज्ञानकथा लिहिणारी तनुजा एकटीच असावी. हा नाद तिला कुठून लागला देव जाणे. नवरा भागवत म्हणायचा, पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवून शिकवून हिच्याच डोक्यात भलतं काहीतरी शिरलंय. चेष्टा करायचा, पण कथा झाली की पहिला वाचकही तोच असायचा.

या खेपेला नांदेडच्या एका विज्ञान मंडळाची कथास्पर्धा होती, आणि बाईंनी ग्रह निवडला तो मुळातच अवजड, आपल्यापेक्षा तिप्पट ओढ असलेला. ग्रह तिने झटक्यात रचला. तिथे झाड कमरेच्या वर जात नाही. पाऊस पडतो तो कुणी खडे मारल्यासारखा. उडणारं काहीच नाही. रक्त वर चढवताना काळीज थकतं, म्हणून प्राण्यांची डोकी छातीच्याच पातळीला. हातभर उंचीवरून पडलं तरी हाडांचा भुगा, म्हणून कुणी उडी मारत नाही की कुणी कुणाला कडेवर घेत नाही, लेकरालासुद्धा. गणित सगळं जुळत होतं. प्राणी मात्र काही केल्या जिवंत होईनात. सहा पायांची कासवं नुसती इकडून तिकडे सरकायची. भागवतने वाचून तोंडावर सांगितलं, "ग्रह झ्याक हाय, पण ह्येच्यात राहतंय कोण?"

उत्तर घरातच बसलं होतं. भागवतची आई, साखराबाई. चाकूरकडच्या रानात खुरपणी करण्यात तिचा जन्म गेला आणि आता दोन्ही गुडघे कामातून गेले होते. तरी बाई खुर्चीवर बसेल तर शपथ. भाजी निवडायची ती फरशीवरच. एका सकाळी ती मेथी निवडून उठायला लागली, तेव्हा तनुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. साखराबाईने आधी एक हात फरशीवर टेकवला, अंग एका कुशीला टाकलं, एक गुडघा ओढून घेतला, कपाटाची कड धरली आणि थांबली. श्वास गोळा केला. मग अडून बसलेल्या म्हशीला समजावावं तशी गुडघ्याला म्हणाली, "चल माय, चल. आता नखरे नको."

एरवी तनुजा धावत जाऊन हात द्यायची. त्या दिवशी गेली नाही. तिला बघायचं होतं. हात नेमका कुठे टेकतो, भार कुठून कुठे जातो, मान कधी वर येते, सगळं. पुढे कितीतरी दिवस ती अशीच बघत राहिली. कधी हात कणकेचे आहेत म्हणून, तर कधी कानाला उगीच फोन लावून. हे बरं नव्हे हे तिला कळायचं, नाही असं नाही. पण लिहायला बसलं की ग्रहावरचे प्राणी आता खरेखुरे धापा टाकायचे, अन् मग तिला बाकी कशाचंच भान राहायचं नाही.

त्या जड ग्रहावर उठणं हीच दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली. बसण्याआधी लागेल ते सगळं हाताशी ओढून ठेवायचं, शक्यतो पुन्हा उठायचंच नाही, आणि उठावंच लागलं तर सहाही गुडघ्यांची एकेक करून मनधरणी करायची. "चल माय, चल" तर तिने जसंच्या तसं उचललं. मुदतीच्या घाईत कथा या वेळी भागवतला न दाखवताच धाडली, आणि तिचा पहिला नंबर आला.

मंडळवाल्यांनी फोनवर विचारलं, घरातलं थोरलं कुणी येणार असेल तर लेखिकेबरोबर त्यांचाही मान करू, साडीचोळी देऊ, तशी आमच्याकडे पद्धतच आहे. तनुजाने मोठ्या आनंदाने सासूचं नाव सांगितलं. साखराबाई नको नको म्हणत होती, पायऱ्या असतील म्हणत होती, पण तनुजानेच हट्ट धरला. मान द्यायच्या नादात तिला एवढंही सुचलं नाही की आधी कथेचं वाचन आहे आणि मग सत्कार.

भागवतला पार मागच्या रांगेत जागा मिळाली. तनुजा वाचायला लागली, तशी पहिल्या रांगेतली साखराबाई नवी इरकल सावरून कौतुकाने ऐकू लागली. उठण्याचा प्रसंग आला आणि सभागृह खदखदून हसलं. साखराबाईही तोंडाला पदर लावून हसली. "चल माय, चल" आलं, तेव्हा तनुजाची नजर नेमकी तिच्याकडे गेली. पदर तोंडावरच होता, पण ती हसत नव्हती.

मग नाव पुकारलं गेलं. साखराबाई स्टेजच्या पायऱ्यांपाशी आली, कठडा धरला, एक पाय वर टाकला आणि थांबली. निवेदक माइक घेऊन तिच्या स्वागताला पुढे झुकलेला. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "चल माय, चल." सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. हशा असा उसळला की काही विचारू नका. लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना वाटलं सासू-सुनेने मिळून ठरवलेली गंमत आहे. निवेदक म्हणाला, "बघा, ग्रहावरचे पाहुणे खुद्द आले!" टाळ्या पडल्या.

तनुजा शाल पांघरून, हातात नारळ धरून वर उभी. नारळ खाली ठेवून चार पावलं पुढे जायला काय लागत होतं? गेली नाही. सासू एकटी, पायरी पायरी करत, हसणाऱ्या लोकांसमोर वर आली. साडी घेतली, नमस्कार केला आणि तशीच उतरली. परतीच्या एसटीत भागवत खिडकीबाहेर बघत बसला. साखराबाई डोळे मिटून होती.

दुसऱ्या दिवशी साखराबाई बाहेरच्या खोलीत फरशीवर तुरीची डाळ निवडत होती, तेव्हा तनुजा शेजारी जाऊन बसली. बराच वेळ ताटातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"इचारून काय झालं असतं? बरुबरच लिवलंस. अशीच उठते मी." साखराबाईचा हात डाळीवरून फिरतच होता. "मला आपलं वाटायचं, तू कामात असतीस म्हणून हात द्यायला येत न्हाईस."

तनुजाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पुन्हा चुकलं म्हणावं तर ते शब्दही तिला खोटे वाटायला लागले. डाळ निवडून झाली. साखराबाईने ताट बाजूला सरकवलं आणि फरशीवर हात टेकवला. तनुजा चटकन उठली, दोन्ही हात पुढे केले.

साखराबाईने टेकवलेला हात उचलून मांडीवर ठेवला.

"तू जरा आत जा, पोरी," ती अगदी हळू म्हणाली. "मला उठायचंय."

तनुजा आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार तिने स्वतःच ओढून घेतलं.