मागावेनचा बाप

तैवानजवळच्या आमच्या बेटावर माणसाला स्वतःचं नाव लेकरू होईपर्यंतच वापरायला मिळतं. मोगाझचं नाव तेवीस वर्षांपूर्वी असंच गेलं. मुलगा झाला, त्याचं नाव मागावेन ठेवलं आणि त्या दिवसापासून मोगाझ झाला स्यामान मागावेन, म्हणजे मागावेनचा बाप. बायको झाली सिनान मागावेन, आणि म्हातारे वडील स्यापेन मागावेन, मागावेनचे आजोबा. एका पोराचं नाव तीन माणसं अंगावर मिरवत होती. दुसरं मूल झालं नाही. पोरगा तैवानात इमारतींच्या कामावर गेला, तरी गावात त्याचं नाव दिवसातून वीस वेळा कानावर पडायचं, आणि बापाला तेवढं पुरायचं.

उडत्या माशांचा मोसम सरत आला होता. एका दुपारी गावच्या कचेरीतून त्याला बोलावणं आलं. तिथला कारकून तैवानचा, नवाच आलेला. फोनवरून उतरवून घेतलेला कागद समोर धरून त्याने एक चिनी नाव वाचलं आणि हा तुमचा कोण, असं विचारलं. शाळेत घालताना सरकारने पोराला चिकटवलेलं ते नाव घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. असा कुणी माझा नाही, असं सांगून तो चक्क उठला. दारापाशी पोचल्यावर मात्र तो मागे वळला. पोराच्या पत्रांच्या पाकिटांवर हेच नाव असायचं.

कारकुनाने उरलेलं वाचून दाखवलं. सकाळी सातव्या मजल्याची परांची कोसळली. तीन कामगार होते, तिघेही गेले. पेटी परवाच्या बोटीने येईल. पोचल्याची सही परवाच घेऊ, असंही तो म्हणाला, आणि आपलं हे बोलणं त्याला सौजन्याचं वाटलं असावं.

मेलेल्याचं नाव आमच्याकडे तोंडातून काढत नाहीत. आईबापांनी ते त्याच दिवशी टाकायचं, गावानेही टाकायचं. टाकलं नाही तर मेलेला हाकेला ओ द्यायला परत फिरतो. आणि परत येतो तो आपला पोरगा नसतो, तो आनितो असतो, जित्या माणसांवर जळणारं आणि त्यांना आजारी पाडणारं भूत. हे मोगाझला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. तरी त्याने ठरवलं, परवापर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. दोन दिवसांत काय आभाळ कोसळणार होतं?

शेताकडे जायला वरची वाट जवळची. तो मुद्दाम गावातून निघाला. होड्यांच्या आडोशाला बसलेल्यांनी हाक मारली, स्यामान मागावेन, बस जरा. तो बसला. पुढे एकीने मासे किती वाळवलेत ते विचारलं, तेही त्याच नावाने. मग तो ज्याच्याशी एरवी बोलत नसे त्या चुलतभावाच्या दारातही जाऊन उभा राहिला, नुसती हाक मिळावी म्हणून. माणूस किती हावरा होऊ शकतो! पण पाचव्या की सहाव्या हाकेला त्याच्या ध्यानात आलं. मेलेली माणसं जातात त्या पांढऱ्या बेटाकडे निघालेलं पोरगं दर हाकेला थांबून मागे बघत असणार, आणि त्याला थांबवतोय त्याचा बापच. तो भराभर चालू लागला.

बायको गुडघाभर चिखलात उभी राहून अळूचे कंद काढत होती. लांबूनच तिने विचारलं, "स्यामान मागावेन, कचेरीत कशाला बोलावलं होतं रे? आपली डुकरं परत कुणाच्या रताळ्यात शिरली की काय?"

तो बांधावर उभा राहिला. ओ द्यायची, की नाही?

"स्यामान मागावेन, कान कुठे ठेवून आलास?" ती हसत होती.

त्याने ओ दिली नाही. तिसऱ्यांदा तिने "स्यामान" एवढंच म्हटलं आणि ती थांबली. बाप आपल्या नावाला ओ देत नाही, असं इथे एकाच कारणाने होतं. हातातला कंद तिने चिखलात सोडून दिला. पाटाच्या पाण्यात हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग ती वर आली.

"कधी?"

"सकाळी. उंचावरून पडला. परवाच्या बोटीने आणतायत."

तो आला त्या वाटेकडे तिने पाहिलं. "वरची वाट सोडून गावातून आलास."

"ऐकावंसं वाटलं."

त्याला वाटलं, आता ही आपल्याला फाडून खाणार, आणि खाल्लं असतं तरी त्याची तक्रार नव्हती.

"माझ्यासाठी एक तरी हाक ठेवायची होतीस," ती म्हणाली. मग डोक्याचं फडकं घट्ट बांधावं तसं तिने स्वतःला आवळलं. "मोगाझ, घरी चल. म्हाताऱ्यांना सांगायचंय."

म्हातारे घरापुढच्या दगडाला पाठ टेकून जाळं विणत होते. सांगायला शब्द लागलेच नाहीत. सुनेने त्यांना नुसतं "स्यामान मोगाझ" म्हटलं. तेवीस वर्षांत त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. आजोबांचे पुन्हा नुसते बाप झाले. त्यांनी जाळं खाली ठेवलं, आत जाऊन भाला आणला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी किनाऱ्याकडे निघाले. नातवाला वल्हं धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्याच्यावर त्यांचा या दोघांपेक्षाही जास्त जीव होता.

लाटांत पाय रोवून त्यांनी समुद्राच्या दिशेने भाला उगारला. "इकडे येऊ नकोस. तुझं इथे कुणी नाही. नीघ!"

मोगाझ शेजारी येऊन उभा राहिला.

"ओरड," म्हातारे त्याच्याकडे न बघता म्हणाले. "बापाने हाकलल्याशिवाय तो जायचा नाही. दुपारच्या हाका ऐकल्या मी. गावभर त्याला अडवून आलास ना? आता ओरड."

मोगाझ ओरडला. घसा फाटेपर्यंत जा, जा म्हणत राहिला. मागे वाळूत त्याची बायको दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून उभी होती. हात काढले असते, तर तिने पोराला नावाने हाक मारली असती.