विथ म्हणजे सोबत

मास्तरांनी फाईल टेबलावर उघडी टाकली, खिशातला लाल पेन काढला आणि सरकारी कागदावरच्या 'सोबत' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. सवय चौतीस वर्षांच्या नोकरीची होती. नोकरीतून ते निवृत्त झाले होते, सवयीतून नव्हे.

"चूक," ते म्हणाले. "फुलीच मारणार होतो. माझा विद्यार्थी म्हणून रेघांवर भागवलं."

टेबलामागचा महादेवप्पा उठून उभा राहिला होता. चाळिशी ओलांडलेला, भाषांतराच्या टेबलाचा कारकून. पण सिद्धलिंगप्पा मास्तरांसमोर बसायचं कसं हे त्याला अजून जमलं नव्हतं. जिल्हा नवा होऊन वर्ष झालं होतं. वाटणीत जुन्या जिल्ह्याकडून गोण्या भरभरून फायली आल्या, खुर्च्या आल्या नाहीत. पाऊस दोन्ही जिल्ह्यांकडं नव्हता, म्हणून त्याच्या वाटणीचा तंटा झाला नाही. आता कारभार मराठीत चालवायचा होता आणि गोण्यांतले इंग्रजी अर्ज महादेवप्पाच्या टेबलावर येऊन मराठी होत होते.

त्यातलाच एक अर्ज पिराजीचा. पिराजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता गेला. त्याच्या मागं मास्तरांनी त्याच्या बायकोच्या नावानं, स्वतःच्या वळणदार अक्षरात, त्याला स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळावी असा इंग्रजीत अर्ज लिहिला होता. 'ही फॉट विथ द रझाकार्स.' महादेवप्पानं त्याचं मराठी केलं आणि यादी गावच्या चावडीवर लागली: कै. पिराजी हे रझाकारांसोबत लढले, सबब अपात्र.

पिराजीची बायको रुक्मिणबाई दारात उकिडवी बसली होती. आत दुसरी खुर्ची नव्हती, आणि असती तरी ती बसली नसती.

"सर," महादेवप्पा म्हणाला, "विथ म्हणजे सोबत. तुम्हीच शिकवलं."

"मी?"

"सातवी ब. मी 'विथ' म्हणजे 'शी' म्हणालो होतो. तुम्ही दोन छड्या दिल्या. म्हणालात, आय वेंट विथ माय फादर म्हणजे बापाशी गेलास का रे, गाढवा? तेव्हापासून विथ म्हणजे सोबत. चुकलो नाही कधी."

"अरे, पण फाइट आलं की विथ फिरतं! मी बायकोशी भांडलो म्हणजे काय बायकोला सोबत घेऊन शेजाऱ्याशी भांडलो का?"

"आमच्या गल्लीत दोन्ही होतं सर."

मास्तर दारातून ऐकू आलेल्या हसण्याकडं वळले. रुक्मिणबाईनं पदर तोंडावर घेतला होता. पण तिचं हसू लगेच आटलं.

"मास्तर, तुमचं विंग्रजी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझी घागर पाहा. टँकर आला की बाया म्हनतात, रझाकारीन आली, तिला मागं सारा. कस्तुराबाईची सून परवा म्हनली, तुझ्या नवऱ्यानं निजामाचं मीठ खाल्लं, आता पानी बी त्याच्याकडूनच आन. चार दिसांनी सतरा तारीख, मुक्तीचा दिस. त्या काळ्या दगडावर गावातल्या लढलेल्यांची नावं कोरायलेत. ह्यांचं नाव न्हाई पडलं तर मग मरस्तोवर मी रझाकारीनच."

दगड टँकरच्या आधी गावात आला होता. देखणा, काळाभोर, पिण्याच्या पाण्यानं धुतलेला. पाथरवटानं वरची ओळ आखून ठेवली होती. तिथं मास्तरांचं नाव यायचं होतं. मास्तरांचा ताम्रपट गेली अकरा वर्षं त्यांच्या ओसरीवर, घड्याळाच्या खाली टांगलेला होता.

महादेवप्पानं गोणीतून दुसरी फाईल काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. तेच वळणदार अक्षर.

"ही तुमची, सर. माझा घोटाळा इथं झाला बघा. तोच नाका, तीच तारीख. इथं तुम्ही लिहिलंय, आय फॉट अगेन्स्ट द रझाकार्स. अगेन्स्ट. आणि पिराजीमामांच्या अर्जात विथ. मी म्हणालो, सर शब्द तोलून लिहितात. विरुद्ध म्हणायचं असतं तर त्यांना तो शब्द येत होता." तो थोडा घुटमळला. "म्हणून मी असं धरलं, की त्या दिवशी तुम्ही दोघं समोरासमोर होता."

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. काचा स्वच्छच होत्या.

बाहेर रस्त्यावरून कडब्याचा ट्रक गुरांच्या छावणीकडं गेला. खिडकीतून पिवळा भुसा आत आला, आणि मास्तरांनी घाईनं रुमाल नाकाला लावला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मास्तरांना कडबा सोसत नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मास्तर पंचविशीत होते. निजामाच्या शाळेतली नोकरी टाकून ते बार्शीकडं, सरहद्दीपलीकडं निघाले, ते पिराजीच्या गाडीत, कडब्याच्या पेंढ्यांखाली आडवे होऊन. भल्या पहाटे नाक्यावर तिघा रझाकारांनी गाडी अडवली. पिराजीनं वाकून सलाम केला, वरच्या दोन पेंढ्या खाली टाकून दाखवल्या, बैलांचा चारा हाय सरकार, म्हणाला. त्यांनी 'जाव' म्हटलं. चाकं हललीसुद्धा. तेवढ्यात कडबा शिंकला.

पिराजीनं जुवाची शिवळ, ती हातभर लाकडी खुंटी, उपसली आणि एकटा तिघांवर धावून गेला. गलक्यानं बैल उधळले, आणि मास्तर झोपल्या झोपल्या सरहद्द ओलांडून गेले. पिराजी तिसऱ्या दिवशी गावात आला तेव्हा त्याचा उजवा पंजा ठेचलेला होता. पुढं आयुष्यभर त्यानं डाव्या हातानं भाकरी खाल्ली. शिंकेचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही; निदान मास्तर तसं धरून चालले होते.

त्या पहाटेचा मजकूर मास्तरांनी आधी स्वतःच्या अर्जात लिहिला, जपून, एकेक शब्द पारखून. पिराजीचा अर्ज मात्र त्यांनी एका बैठकीत, हातासरशी लिहून टाकला होता. त्यात पारखण्यासारखं काही नव्हतं. सगळं खरंच होतं.

"यावर उपाय?" मास्तरांनी विचारलं.

"सोपा आहे सर. मान्यता मिळालेल्या स्वातंत्र्यसैनिकाचा जबाब. डोळ्यांदेखत पाहिलेलं पाहिजे. तुम्हीच की. दोन ओळी लिहा, मी आजच दुरुस्ती टाकतो."

त्यानं छापील फॉर्म सरकवला आणि स्वतःची खुर्ची दिली. मास्तर बसले. नाव लिहिलं, वय लिहिलं, ताम्रपटाचा क्रमांक तोंडपाठ होता तो लिहिला. मग पेन थांबला. रकाना होता: घटनेच्या वेळी आपण नेमके कोठे होता व काय करीत होता?

महादेवप्पा भिंतीला टेकून उभा राहिला. वर्गात उत्तर न येणारी पोरं उभी राहत, तसा. फरक इतकाच, की उत्तर आज त्याला द्यायचं नव्हतं.

"जसं झालं तसं ल्ह्या मास्तर," रुक्मिणबाई दारातून म्हणाली. "मला दुसरं काई नको."

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी लाल पेन मिटून खिशात ठेवला, निळा मागून घेतला आणि इंग्रजीत लिहू लागले. इंग्रजीत लिहिलं की आपण थोडं लांबून बोलतोय असं त्यांना वाटे. पिराजीनं तिघांना कसं अंगावर घेतलं ते त्यांनी लिहिलं, पंजाचं लिहिलं, अगेन्स्ट हा शब्द तीनदा लिहिला. शेवटी रकाना भरायचा म्हणून एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद उलटा करून सरकवला.

महादेवप्पानं तो सुलटा केला. ओठ हलवत, बोट फिरवत वाचला. मान डोलावली. पिराजीमामांचं काम झालं, असं म्हणाला. मग त्याचं बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

"आय फॉट विथ पिराजी," त्यानं वाचलं. आणि अगदी प्रामाणिकपणे, छड्या खाल्लेल्या पोराच्या सावधपणानं विचारलं, "सर, आत्ताच तुम्ही म्हणालात, फाइट आलं की विथ फिरतं. मग हे काय लिहू? पिराजीसोबत, की पिराजीविरुद्ध?"

मास्तरांचा हात खिशातल्या लाल पेनाकडं गेला. चौतीस वर्षांत एकाही पोराचा प्रश्न त्यांनी तसाच ठेवला नव्हता. या वेळी पेन खिशातच राहिला.

"सोबत ल्ह्या बाबा," रुक्मिणबाई म्हणाली. "एकाच गाडीत तर व्हते."

महादेवप्पानं लिहिलं: सोबत. शिक्का मारला, वर फुंकर घातली.

दोघं बाहेर आले. एसटीच्या थांब्यावर सावली नव्हती. छावणीकडं जाणारा दुसरा ट्रक समोर येऊन थांबला, वरच्या पेंढ्या सुटत आल्या होत्या, भुसा उडत होता. मास्तरांनी रुमाल शोधला. तो आत टेबलावरच राहिला होता. त्यांनी दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी आलं, मान थरथरली.

रुक्मिणबाई ट्रककडं पाहत होती.

"शिंका मास्तर," ती म्हणाली. "मोकळं शिंका. आता फुडं नाका न्हाई."