काळी जीभ

तिने पाकिटातली गोळी अंगठ्याने दाबून बाहेर काढली, क्षणभर तळहातावर धरली आणि दवाखान्याच्या बाथरूममधल्या बेसिनच्या जाळीवर टाकून नळ सोडला. मग दुसरी, मग तिसरी. काळपट गोळी विरघळायला वेळ लावत होती. तिचा चिखलासारखा ओघळ पांढऱ्या भांड्यावरून उतरला. रिकामं पाकीट तिने पर्समध्ये ठेवलं. घरी आई रोज संध्याकाळी ते मागून घेई आणि उजेडात धरून बघे. मुलगी डॉक्टर असली तरी औषधाच्या बाबतीत आईचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

जठरातल्या ज्या जिवाणूवर ती दिवसभर रुग्णांना औषधं लिहून देई, तोच तिच्या पोटात निघाला होता. शेजारच्या खोलीत बसणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी तिला काळ्या गोळीचा कोर्स दिला. सुरुवातीच्या काही दिवसांतच तोंडाला गंज चढला. पाणी जुन्या पिंपातलं वाटे, चहा भांडी विसळलेल्या पाण्यासारखा लागे. आरशात पाहिलं तर जीभ तव्याच्या पाठीसारखी काळी. स्वतःच्याच श्वासाची शिसारी यायला लागली, तेव्हा अर्ध्यावर तिने गोळ्या गिळणं सोडलं.

काल मोठ्या डॉक्टरांनी जाता जाता विचारलं होतं, नीट घेते आहेस ना? ती हो म्हणाली. रुग्णाचं काही ऐकून घेण्याआधी त्याला जीभ काढायला लावायची, ही त्यांची जुनी सवय. पण तिला त्यांनी जीभ दाखवायला सांगितलं नाही. डॉक्टरला कसली जीभ दाखवायला सांगायची.

हात पुसून ती आपल्या खोलीत खुर्चीत येऊन बसली. समोर भट्टीवाला आणि त्याची बायको वाट बघत होती. पाव भाजण्याची भट्टी चालवणारा हा माणूस गेल्या वर्षी रक्ताची उलटी होऊन भट्टीपाशीच कोसळला होता. जठरातला व्रण फुटला होता. जिवाणू गेला नाही तर व्रण पुन्हा फुटेल आणि दर वेळी दवाखाना वेळेत गाठता येईलच असं नाही, हे तिनेच त्या दोघांना समजावलं होतं. त्यानंतर औषधांचे दोन कोर्स झाले. आज तपासणीचा निकाल तिच्यासमोर होता. जिवाणू होता तिथेच होता.

भट्टीवाल्याला ढेकर आला. तो त्याने तोंडावर हात ठेवून दाबला, तरी आंबट, कुजकट वास टेबल ओलांडून आला. तिने खुर्ची जराशी मागे सरकवली.

"तुम्ही गोळ्या मध्येच सोडल्यात."

"नाही हो, डॉक्टर."

"सगळे असंच म्हणतात."

भट्टीवाल्याने हात टेबलावर ठेवले. बोटांच्या पेरांत पीठ वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. पिशवी मांडीवर घेऊन बसलेली बायको पुढे सरकली.

"सगळे म्हणत असतील," ती म्हणाली. "पण ह्यांची जीभ शेवटच्या दिवसापर्यंत काळी होती. रोज सकाळी मी बघायची. पोरं तर ह्यांना काळजिभ्या म्हणायला लागली होती. म्हणायची, बाबा, आमच्या परीक्षेबद्दल काही बोलू नका."

"चवच गेली होती ना," भट्टीवाला हळूच म्हणाला. पीठ कालवताना मीठ जिभेवर लावून बघायची त्याची रीत. एका पहाटे त्याला ते लागेचना, म्हणून त्याने पुन्हा घातलं. त्या दिवशीचा सगळा पाव फेकून द्यावा लागला. कुत्र्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही, असं सांगताना त्याला स्वतःलाच हसू आलं.

"रंग कधी उतरला?" तिने बायकोला विचारलं.

"गोळ्या संपल्या, मग दोन-तीन दिवसांत. त्याच्या आधी नाही."

मिटल्या तोंडात तिची जीभ टाळूला टेकली. सकाळी दात घासताना ती लहान मुलासारखी गुलाबी दिसली होती. तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

तिने त्याची फाइल मागे उलटली. पहिला कोर्स. मग दुसरा, त्यात एक काळी गोळी वाढवलेली, बाकी जिवाणूवरचं मुख्य औषध तेच. एकदा हरलेलं औषध पुन्हा द्यायचं नाही, जिवाणू त्याला सरावलेला असतो, हे शिकाऊ डॉक्टरलाही ठाऊक असतं. तिलाही ठाऊक होतं. पण औषध हरलंय असं तिला वाटलंच नव्हतं. गडी लबाड आहे एवढंच वाटलं होतं. दोन्ही वेळची सही तिची होती. खालच्या सहीशेजारी तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'औषध नियमित घेत नाही'. तिच्या तोंडात पुन्हा गंज आला, या वेळी गोळीशिवाय.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "औषध चुकलं."

"कोणाचं?" बायकोने विचारलं.

"माझं."

बायकोने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

तिने नवी औषधं लिहिली. गोळ्या जास्त आहेत, चव आधीपेक्षा वाईट लागेल, मळमळेल, पण एकही चुकवायची नाही, असं बजावताना तिने मान वर केली नाही.

"वाईट म्हणजे कशी?" भट्टीवाल्याने विचारलं.

"गंजलेला खिळा चघळल्यासारखी."

"तुम्हाला बरी माहीत."

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. दोघं उठली. दारात तो वळून म्हणाला, की मीठ आता बायकोच घालेल.

ती दोघं गेल्यावर तिने बारीक अक्षरातली ती ओळ खोडली. खोडलेलं दिसत राहील अशी, एकाच रेघेने. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जायला मधलं दार होतं. ती बाहेरून गेली आणि बाकावर शेवटच्या रुग्णाशेजारी बसली. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला ओळखलं आणि आपला नंबर देऊ केला. तिने नकारार्थी मान हलवली.

तिची पाळी आली तेव्हा मोठे डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते.

"बसा," ते म्हणाले. मग वर बघून, "तू? काय गं?"

ती रुग्णाच्या स्टुलावर बसली आणि त्यांनी सांगण्याआधीच तिने जीभ बाहेर काढली.

मोठ्या डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.