मुंगीची साक्ष

मुंगी मेली आणि सगळ्या वस्तीने तोंडात बोटं घातली. वाटीत जेमतेम चमचाभर दूध होतं. पिवळसर, दाट, बाळंतिणीचं पहिलं. मुंगीबुवाने ती वाटी अंगणभर मिरवली.

"बघा! मुंगी कधी खोटं बोलत नाही. हे दूध नाही, विष आहे विष!"

मेलेली मुंगी खोटं बोलणार तरी कशी? पण हे म्हणायची सोय नव्हती. जंगलातली वीसच्या वीस घरं अंगणात जमलेली, आणि मी आठवड्यातून एकदा चालत येणारी नर्स.

आत चटईवर तीन दिवसांचं बाळ होतं. मधाच्या बोटापलीकडे त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. इथली रीतच तशी. पहिले दोन दिवस दूध पिळून टाकायचं आणि तिसऱ्या दिवशी बुवाची मुंगी सांगेल ते करायचं: दुधात सोडलेली मुंगी जगली तर पाजायचं, मेली तर नाही. बाळ आता रडतही नव्हतं.

"किती शहाणं आहे बघा बाई," सासू कौतुकाने म्हणाली. "त्रास म्हणून नाही."

मी बाळाच्या ओठांवर बोट फिरवलं, ते कोरडे पडले होते.

बुवाची परीक्षा मी डोळ्यांत तेल घालून पाहिली होती. मुंगी सोडली की तो मंत्र पुटपुटतो, आणि पुटपुटता पुटपुटता बोटाने तिला हळूच बुडवून धरतो.

"बुवा, हीच परीक्षा पाण्याची घेऊ या?"

"पाण्याला कसली आलीय परीक्षा?"

तेवढ्यात बाळंतीण भिंतीच्या आधाराने दारात आली. एकोणीस वर्षांची पोर, दुधाने छाती दगडासारखी झालेली.

"घ्या ना बाई," ती म्हणाली. "माझी घेतली, पाण्याचीही घ्या."

मी पाण्यात मुंगी सोडली आणि बुवासारखंच बोटाने दाबून धरली. मेली.

"घ्या!" मी म्हटलं. "आता पाणीही विष!"

कुणीतरी खुदकन हसलं. दुसरी मुंगी मी दुधात सोडली, बोट लावलंच नाही. ती कडेने वर चढली आणि चालती झाली. बुवाचं तोंड एवढंसं झालं. सासूने स्वतः बाळ उचलून सुनेच्या छातीशी धरलं. मला वाटलं, जिंकलं.

बाळाने तोंडच उघडलं नाही. तीन दिवस उपाशी जीव तो, ओढायची ताकद कुठून आणणार?

"बघा, बघा!" बुवा ओरडला. "बाळालाच कळतंय! विषाला तोंड लावत नाही!"

सगळ्यांच्या माना डोलल्या. मी कुणाकुणाला समजावणार होते?

मी चमच्याने थेंब थेंब दूध पाजलं. बाळाच्या आजोबांनी झोळी बांधली आणि आम्ही दवाखान्याची वाट धरली. दवाखाना दिसायच्या आधीच बाळ गेलं.

पुढच्या आठवड्यात वस्तीत सगळीकडे एकच बोलणं होतं. चमचाभर दूध पोटात गेलं आणि पोर दगावलं. बाळंतीण कोपऱ्यात बसली होती.

"बाई, मीच मारलं का हो त्याला?"

मी नाही, नाही म्हणत राहिले. तिला पटलं की नाही, कुणास ठाऊक.

शेजारच्या घरात पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे. निरोप बुवाला गेलाय, मला नाही. म्हणून निदान तुम्हाला सांगते. दाबून धरली तर मुंगी पाण्यातही मरते. पहिलं दूध पिवळंच असतं, दाटच असतं, आणि ते बाळासाठीच असतं. जन्मल्यावर तासाभरात पाजा. तीन दिवस थांबू नका.