बैलजोडीतला उरलेला

मी एक जुना खिल्लारी बैल आहे. नाव पाखऱ्या. मित्रांनो, आता माझ्या बरगड्या बघून कुणाला खरे वाटणार नाही, पण एके काळी या सोलापुरात लोक माझ्या पाया पडत. मी एकटा नव्हतो म्हणून पडत. माझ्या उजव्या अंगाला नंद्या असे.

सिद्धेश्वराच्या जत्रेतला जनावरांचा बाजार पालथा घालून आमच्या धन्याने, गाडीवान ईश्वरप्पाने, आम्हा दोघांना निवडले होते. रंगाला रंग, शिंगाला शिंग. तेव्हापासून नंद्या उजवीकडे आणि मी डावीकडे. गाडीलाही तसेच, गोठ्यातही तसेच. रेल्वेच्या मालधक्क्यावरून सुताचे गठ्ठे उचलायचे आणि शुक्रवार पेठेत वीरभद्रप्पांच्या दुकानी पोचवायचे, हे आमचे काम. सपाटीवर नंद्या खुशाल माझ्यावर रेलायचा आणि चढ आला की एकटाच जोर लावायचा. लबाड होता, पण माझा होता.

निवडणूक आली की आमची चंगळ असे. वीरभद्रप्पा ज्या पक्षाचे पुढारी, त्या पक्षाचे चिन्हच बैलजोडी! पाठीवर झूल, शिंगांना बाशिंगे, मागे हलगी आणि सगळ्यांच्या पुढे आम्ही. बायका आमच्या पायांवर पाणी घालायच्या, गूळ भरवायच्या. या कामाचे भाडे ईश्वरप्पाने कधी घेतले नाही. सदुसष्ट सालच्या विजयाला वीरभद्रप्पांनी गुलालाने माखलेला हात आमच्या पाठीवर ठेवला आणि साऱ्या पेठेसमोर सांगितले, "ईश्वरप्पा, मी हाय तवर ही जोडी फुटायची न्हाय."

पुढे वीरभद्रप्पांनी टेम्पो घेतला. गठ्ठे टेम्पोतून येऊ लागले, गाडी दारात उभी राहिली आणि आमच्या पुढ्यातला कडबा रोज कमी होत गेला. एके सकाळी ईश्वरप्पाची बायको गंगम्मा म्हणाली, "अवो, दोघांचं पोट भरंना. येक तरी इका."

"निवडणूक होऊ दे की. मिरवणुकीत जोडी बगितली की मालकांना शब्द आठवंल. काम परत देतील."

"चिन्ह बदललंय म्हणत्यात. गाय-वासरू हाय आता."

"चिन्ह बदललं म्हणून माणूस बदलतोय व्हय?"

ईश्वरप्पा चांगला माणूस आहे, मित्रांनो. शहाणा नाही.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये निकाल लागला. पेठेतल्या हॉटेलातला रेडिओ सांगत होता, राज्यातल्या पंचेचाळीसपैकी बेचाळीस जागा वीरभद्रप्पांच्या पक्षाला! ईश्वरप्पा धावतच गोठ्यात आला. त्याने आम्हाला घासून धुतले, जुनी झूल काढली, बाशिंगे बांधली. गंगम्माने आमच्या कपाळाला विभूती लावली.

मिरवणूक ऐन रंगात होती. सगळ्यांच्या पुढे हार घातलेली एक गाय चालली होती आणि फटाक्यांना बुजलेले तिचे वासरू. आम्हाला पाहताच वीरभद्रप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आरं ईश्वरप्पा, ही कशाला आणलास? जुनं चिन्ह हाय ते! लोक हसतील. ने, बोळात ने."

"मालक, तुमीच म्हणला हुता की, ही जोडी..."

"आज न्हाय. मागनं बगू."

ईश्वरप्पाने आम्हाला बोळात नेऊन उभे केले. तेवढ्यात हलगी कडाडली आणि नंद्याचे पाय उचलले. चिन्ह बदलल्याचे त्याला कोण सांगणार? हलगी वाजली की पुढे चालायचे, एवढेच आम्हाला शिकवलेले. कासऱ्याला हिसडा देऊन तो निघाला. कुणालाही न दुखवता गर्दीतून वाट काढत तो आपल्या जागेवर गेला आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहिला, डावी बाजू माझ्यासाठी सोडून.

लोक हसले. कार्यकर्त्यांनी झेंड्यांच्या काठ्यांनीच त्याला झोडपले. त्याने शिंग उगारले नाही. मी कुठे राहिलो, हे मान वळवून शोधत तो मार खात होता. आणि मी बोळात होतो. माझा कासरा ईश्वरप्पाने घट्ट धरला होता आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

ते 'मागनं' कधी आलेच नाही. पुढच्या बाजाराला ईश्वरप्पा नंद्याला घेऊन गेला. काठीचे वळ अजून त्याच्या पाठीवर होते. दारातून जाताना तो नेहमीसारखा थांबला, मी बरोबरीला येईन म्हणून. संध्याकाळी ईश्वरप्पा नुसते दावे घेऊन परतला. त्या रात्री आमच्या घरात चूल पेटली नाही आणि मीही कडब्याला तोंड लावले नाही.

आता सत्त्याहत्तर साल आहे. मी एका बैलाच्या छकड्याला चालतो, तेही अधूनमधून. मित्रांनो, कुणाला वाजतगाजत पुढे चालवलेत, तर गुलाल उतरल्यावर त्याच्या गव्हाणीत काय उरले आहे तेही एकदा वाकून बघत जा. आम्हाला तुमची चिन्हे कळत नाहीत. पाठीवर ठेवलेला हात तेवढा कळतो.

पेठेत पुन्हा निवडणूक आली आहे. हलगी ऐकू आली की ईश्वरप्पा गोठ्याचे दार लावून घेतो. मी मात्र उठतो आणि डावीकडे सरकून उभा राहतो.