डावीकडची जागा

वीरधवल सरांनी लेझरचा लाल ठिपका प्रोजेक्टरमधून भिंतीवर पडलेल्या माळाच्या फोटोवरून फिरवत नेला आणि जिथे माळ संपून आभाळ सुरू होत होतं, तिथल्या एका काळ्या ठिपक्यावर थांबवला.

"फोटो झकास आहे. हा डाग तेवढा काढा."

सोनियाची बोटं माउसवर होती. ती हलली नाहीत.

"डाग न्हाई तो," ती म्हणाली.

मलकापुरातल्या संस्थेच्या कार्यालयात ही तिसरी बैठक, आणि तिन्ही बैठका एका चित्रापायी. संस्थेच्या बत्तीस शाळांतले संगणक भंगारात निघाले होते. सोनियाने ते उघडले, झाडले-पुसले आणि त्यांत लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली बसवली. परवान्याची कटकट नाही, जुन्या यंत्रावरही सुरळीत चालते, आणि हवी तशी बदलता येते. चार महिने खपून तिने त्यातलं अक्षर न् अक्षर मराठीत आणलं. त्याबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. संगणक सुरू झाला की मागे कोणतं चित्र दिसावं, यावर मात्र शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना मत होतं.

आधी अध्यक्षांचा फेट्यातला फोटो लावून पाहिला. कचरापेटीचं चिन्ह नेमकं त्यांच्या नाकावर जाऊन बसलं. मग सचिव वीरधवल सरांच्या रानातला ऊस लावला, तर पाल्यात फायलींची नावं सापडेनात. "असू दे की," सर तेव्हा हसत म्हणाले होते, "म्हसवडकडच्या पोरांना हिरवं बघायला तरी मिळेल."

सोनिया दुष्काळी म्हसवडच्या पलीकडच्या धनगरवस्तीवरची. या बैठकीला तिने हा फोटो आणला तो निव्वळ रागाने. गेल्या शिमग्यात उसन्या कॅमेऱ्याने काढलेला. करडी जमीन, दगड, खुरटं गवत, वर अर्धं आभाळ. घ्या, बघा आमचं हिरवं. आणि नेमका तोच पसंत पडला. "ह्यात काहीच नाही," सर खुश होऊन म्हणाले. "डावीकडे तर अगदीच मोकळं. सगळी चिन्हं तिथं लावा."

"मग काय आहे तो?" सरांचा लाल ठिपका अजून जागेवरच होता.

सोनियाने माउस हलवला. ती चित्र मोठं करत गेली. एकदा, दोनदा, पाचदा. भिंतीवर चौकोन चौकोन फुटले आणि त्या चौकोनांतून एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, खांद्यावर घोंगडं, एक हात वर. लाल ठिपका आता तिच्या छातीवर होता. सरांनी तो घाईने बंद केला.

"माझी आई. हरणाबाई. मला बघून हात करतीया. आता सांगा सर, कुठनं पुसू? पायापासनं का डोक्यापासनं?"

खोलीत कुणीतरी कप बशीत ठेवला.

चित्रकलेच्या राजेश्वरी मॅडम पुढे सरकल्या. "अगं, मग अशी लांब कशाला ठेवतेस तिला? मोठी कर ना! मधोमध घे. खाली लिहू, 'श्रमदेवता धनगर भगिनी'."

"हां!" सरांनी ते उचललं. "अध्यक्षांना आवडेल. फोटोला हार घालून उद्घाटनच करू."

दोन मिनिटांपूर्वी डाग होती, आता देवता झाली. माणूस म्हणून ठेवायची मात्र कुणाची तयारी नव्हती. सोनियाने चित्र पुन्हा लहान केलं. आई गेली, ठिपका उरला.

"माळावर दिसते तेवढीच ऱ्हाईल ती. पुसायची न्हाई, आन् मखरातबी बसवायची न्हाई."

"हे बघा," सरांचा आवाज थंड झाला, "हे काम दुसऱ्या कुणालाही देता येतं आम्हाला."

"द्या की. लिनक्स कुणाच्या बापाचं न्हाई, कुणीबी बसवील. फोटो माझा हाय. तो घिऊन मी चालले."

तिने खरंच केबल काढली. भिंत पांढरी झाली. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, तारीख पाच दिवसांवर होती आणि बत्तीस शाळा पालथ्या घालायला दुसरं कुणी येणार नव्हतं. सरांनी त्या पांढऱ्या भिंतीकडे एकदा पाहिलं.

"ठीक आहे," ते कागद गोळा करत म्हणाले. "राहू दे तो डाग."

रविवारी सोनिया लॅपटॉप घेऊन वस्तीवर गेली. हरणाबाई लिंबाखाली बसून आई मेलेल्या कोकराला बाटलीने दूध पाजत होती. सोनियाने बैठकीची सगळी गोष्ट सांगितली, सरांची नक्कल करून सांगितली. मग पडदा आईसमोर धरला.

"बघ आये. बत्तीस शाळांत पोरं संगणक चालू करतील, तवा पयली तू दिसणार."

हरणाबाईने मान पुढे केली. स्वतःला तिने शोधलंच नाही. तिची नजर डावीकडून निघाली आणि दगडामागून दगड, सावकाश पुढे सरकली, रोज सकाळी मेंढरं सोडण्याआधी माळावरून सरकते तशी. मग ती थांबली.

"हितं मोठं कर."

"तितं काय न्हाई आये. तू हिकडं हाईस."

"मी कुठं हाय ते ठावं हाय मला. हितं कर म्हंते न्हवं."

सोनियाने मोठं केलं. दगड. दगडामागे आणखी एक दगड. त्या मागच्या दगडाला दोन कान होते.

"लांडगा," हरणाबाई म्हणाली. शेजाऱ्याचं नाव घ्यावं तसं. "डोळ्याला कॅमेरा लावून तू त्याच्याच अंगावर चाललीवतीस. वरडून वरडून माजा घसा बसला, पर वारं उलटं हुतं."

"म्हंजी तू मला हात करत न्हवतीस?"

"हात कसला करतीया! माघारी फिर म्हनत हुते."

कोकराच्या तोंडून बाटली सुटली. हरणाबाईने ती परत दिली.

"मग तवाच सांगायचं की गं."

"सांगितलं असतं, तर पुन्यांदा माळाला आली असतीस?"

सोनियाने पडदा स्वतःकडे वळवला. पंधरा वर्षांची होईपर्यंत ती याच माळावर मेंढरांमागे हिंडली होती. फोटो तिने काढला होता, शंभरदा बघितला होता, आणि फाइलला नावही तिनेच दिलं होतं : रिकामा माळ. तिने ते नाव पुसलं. नवं काय द्यावं ते सुचेना, म्हणून नुसती तारीख टाकली. मग उन्हाकडे पाठ करून, लॅपटॉप मांडीवर घेऊन ती कामाला लागली.

मंगळवारी ती शिराळ्याच्या शाळेत शेवटचे संगणक जोडत होती. सरांचा फोन आला.

"सोनिया, चिन्हं सगळी खालच्या पट्टीत कशी गेली? डावीकडे लावायची ठरलं होतं."

तिच्यासमोर एका ओळीत आठ पडदे उजळले होते. आठ माळ, आठ आया.

"डावीकडं जागा न्हाई, सर."

"काहीतरीच काय! माझ्या समोर आहे फोटो. डावीकडे काहीसुद्धा नाही."

"बघत ऱ्हावा," ती म्हणाली आणि नववा संगणक सुरू केला.