सात दिवस उशिरा

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी माझ्या बायकोचं बोलणं मला एक तास उशिरा ऐकू आलं.

सकाळचे आठ वाजले होते. शालन घावणे घालत होती आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून खात होतो. तिने माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. ओठ हलले, आवाज आला नाही. तव्याचं चरचरणं ऐकू येत होतं, बाहेर कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं तेही ऐकू येत होतं. मला वाटलं, ती स्वतःशीच पुटपुटली असेल. नऊ वाजता मी पाणी प्यायला पुन्हा आत गेलो. शालन तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती. शेगडीसमोरच्या रिकाम्या जागेतून तिचा आवाज आला.

"अजून एक घालू?"

"नको," मी म्हणालो.

त्या दिवशी मला नियम कळत गेले. उशीर फक्त शालनच्या बोलण्याला होता. समुद्र, कावळे, कुकरची शिट्टी, सगळं वेळेवर होतं. ती जिथे बोलली असेल तिथेच तिचं बोलणं थांबून राहायचं आणि वेळ झाली की तिथेच उमटायचं, एकदाच. मी तिथे नसलो तर ते गेलं. तिने पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा मला पाटी कोरी दिसली. अक्षरं तासाभराने आली.

आम्ही तालुक्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझे दोन्ही कान तपासले आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत." मग शालन त्यांच्याशी बराच वेळ बोलली. ते माझ्याकडे वळले आणि त्यांचेही ओठ नुसतेच हलले. तिचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून आलं तरी उशिराच येणार, हा शेवटचा नियम मला तिथे कळला.

"समजलं ना?" डॉक्टरांनी विचारलं. हे त्यांचं स्वतःचं होतं, ते ऐकू आलं.

"समजलं," मी म्हणालो.

मी एकतीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. गाव अजून मला कंट्रोलर म्हणतं. गाड्यांना उशीर होतो आणि उशिराचंही वेळापत्रक करता येतं, हे मला माहीत आहे. मी एक वही घेतली. शालन कुठे, किती वाजता, किती वेळ बोलली, ते लिहायला लागलो. उशीर वाढत गेला. तीन तास झाले, मग नऊ, मग एक दिवस, मग चार. पौष लागला तेव्हा तो सात दिवसांवर आला आणि तिथे थांबला.

त्यानंतर माझा दिवस वहीप्रमाणे चालायचा. सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मी धुण्याच्या दगडापाशी उभा राहायचो, कारण मागच्या सोमवारी ती तिथे बोलली होती. "साबण संपलाय," आवाज यायचा. साबण आणून सहा दिवस झालेले असायचे. तरी मी म्हणायचो, "आणतो." तेवढ्या वेळात शालन पडवीत बसून आजचं काहीतरी बोलून गेलेली असायची. ते वहीत यायचं राहून जायचं.

पहिले काही दिवस तिला ह्याचं हसू आलं. ती शाळेत शिक्षिका होती. मुलांच्या नाना तऱ्हा तिने पाहिल्या होत्या. पण एका दुपारी मी विहिरीपाशी उभा होतो आणि मागच्या आठवड्यातल्या शालनने तिच्या मुख्याध्यापिकेची नक्कल केली. ती फार हुबेहूब करते. मी मोठ्याने हसलो. वळून पाहिलं तर ह्या आठवड्यातली शालन मागच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मी जिथे पाहत होतो त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि आत गेली.

त्यानंतर ती कमी बोलायला लागली. माझ्या वहीत पानं मोकळी राहायला लागली.

पौर्णिमा बुधवारी आली. त्या संध्याकाळी तिने चपला घातल्या आणि मला खुणेने चला म्हणाली. मोठी ओहोटी होती. पाणी पार मागे सरकलं होतं आणि ओली वाळू अर्ध्या खाडीपर्यंत उघडी पडली होती. तिथे एक चपटा काळा खडक आहे. पौर्णिमा-अमावास्येलाच तो पूर्ण दिसतो. शालन त्यावर बसली. मी समोर उभा राहिलो. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बोलली.

मी सवयीने घड्याळ पाहिलं. पाच एक्केचाळीस. ती मिनिटभर बोलली. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती. शेवटचं वाक्य प्रश्न होता. भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"पुढच्या बुधवारी सांगतो," मी म्हणालो.

तिने हात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत दाराशी तिची निळी बॅग होती. तिच्यावर आरक्षणाचं तिकीट ठेवलं होतं, मला दिसेल असं. पुढचा गुरुवार, सकाळी सहा पंचेचाळीसची गाडी. एकच आसन. ती गाडी मी हजारो वेळा पुकारली होती. घाट चढून पुढे ती कुठे कुठे थांबते ते मला तोंडपाठ आहे, पण उतरायच्या ठिकाणी तिने शेवटचा थांबा घातला होता.

दुपारी मी तिला पडवीत गाठलं.

"तू आजारी आहेस का?"

तिने मान हलवली. नाही.

"माझ्यावर रागावली आहेस?"

तिने थोडा विचार केला. मग पुन्हा नाही म्हणून मान हलवली, पण आधीपेक्षा हळू.

"मी पण यायचं आहे का?"

ह्यावर तिने मान हलवलीच नाही. ती काहीतरी बोलली आणि थांबली. आपण काय केलं ते दोघांनाही कळलं. तिने ते शंभर वेळा सांगितलं असतं तरी मला पुढच्या गुरुवारी दुपारी ऐकू आलं असतं. गाडी तेव्हा घाट चढून गेलेली असणार होती.

"हो," मी म्हणालो. "तू जे विचारलंस, त्याला माझं हो आहे."

शालनने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती दुसऱ्याचं बघून उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे पाहायची. उठली, आत गेली आणि कपाटातून दोन साड्या आणून बॅगेत ठेवल्या.

आता एकच जागा उरली होती. मी त्या संध्याकाळी पाच एक्केचाळीसला खडकापाशी जाऊन उभा राहिलो. पाणी घोट्यापर्यंत होतं. जयवंती किनाऱ्यावर जाळं निवडत होती. ती मासे विकते आणि लहानपणी शालनकडे शिकली होती. तिच्याकडून मी थर्माकोलचा एक बोया घेतला आणि दोरीने खडकाला बांधला.

"कित्याक ता?" तिने विचारलं.

"बुधवारी जागा सापडायला."

"बुधवारी ह्या वक्ताक भरती आसतली. पाणी तुमच्या गळ्याक लागात."

मी घाटावरचा आहे. नोकरीमुळे इथे आलो आणि राहिलो. पोहायला शिकलो नाही. आज जिथे ओहोटी आहे तिथे आठवड्याने त्याच वेळी भरती असते, हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं. शालनचं माहेर ह्याच किनाऱ्यावरचं. तिला भरतीची वेळ कॅलेंडर न बघता कळते.

मी रोज जात राहिलो. शुक्रवारी पाणी पोटरीला लागलं. रविवारी मांडीपर्यंत आलं. बोया दोरीला ताण देऊन वर आला होता. घरी बॅग भरत चालली होती. चष्म्याचं घर गेलं, शिवणाचा डबा गेला, लेकीचा लहानपणीचा फोटो भिंतीवरून गेला. भिंतीवर त्याचा फिकट चौकोन राहिला. शालन माझ्यासाठी दोन वेळचा स्वयंपाक करत होती, समोर बसून जेवत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

सोमवारी आमच्या लेकीचा, स्वरूपाचा नाशिकहून फोन आला.

"बाबा, आईचं आणि माझं सविस्तर बोलणं झालंय," ती म्हणाली. "आईचं म्हणणं असं आहे की..."

मग फोनमध्ये काही नव्हतं. मागे तिच्या घरातला मिक्सर फिरत होता, तो मी ऐकत राहिलो. मिक्सर बंद झाला.

"मग? तुम्हाला काय वाटतं?" स्वरूपा म्हणाली.

"हो म्हणू की नाही?"

"ते मी कसं सांगणार, बाबा? ते तुम्हीच ठरवायचं." तिचा आवाज दुखावलेला होता. "निदान तिचं ऐकून तरी घ्या. तेवढंच तर ती मागतेय."

"घेतो," मी म्हणालो.

मंगळवारी पाणी छातीला लागलं. मी दोन्ही हातांनी दोरी धरून उभा होतो. शालन बसली होती त्या जागेचा मी मनाशी अंदाज घेतला. तिचं तोंड माझ्या बरगड्यांच्या उंचीवर होतं. मी खाली पाहिलं. तिथे पाणी होतं.

बुधवारी दुपारी शालनने बॅगेची चेन लावली. चेन अडकली, तिने गुडघ्याने बॅग दाबली आणि लावली. मी घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवून घेतलं. सव्वापाचला निघालो. चार पावलं गेल्यावर मागे चपलांचा आवाज आला. ती येत होती. आम्ही सुरूच्या झाडांमधून पुढे-मागे चालत गेलो, रोजच्या फिरण्यासारखे. वाटेत पोस्टातले परब भेटले आणि म्हणाले, "आज लवकर निघालात."

वाळूवर मी चष्मा काढून शालनकडे दिला. तिने तो घेतला आणि माझी बाही धरली. मी बाही हळूच सोडवली.

पाणी गार होतं. बोया पाटीएवढा दिसत होता आणि एका जागी हलत होता. कमरेपर्यंत मी सरळ चालत गेलो. पुढे प्रत्येक लाट मला उचलायची आणि जरा बाजूला ठेवायची, मग मी पुन्हा वाळू शोधायचो. दोरी हाताला लागली तेव्हा पाणी हनुवटीवर होतं. पायाने खडक चाचपला. होता. घड्याळ वर धरलं. पाच एकोणचाळीस.

मी किनाऱ्याकडे पाहिलं. शालन गुडघाभर पाण्यात आली होती. तिचं तोंड पूर्ण उघडं होतं, हात वर होते, आणि तिच्याकडून काही येत नव्हतं. ती जे ओरडत होती ते पुढच्या बुधवारी तिथे, तेवढ्याच जागेवर ओरडलं जाणार होतं. तिच्यामागून जयवंती धावत आली.

"कंट्रोलर, भायर येवा," जयवंतीचा आवाज स्पष्ट आला. "बाई सांगतत..."

पुढे तिचेही ओठ नुसते हलले. दोघी पाण्यात उभ्या राहून तोंड उघडत आणि मिटत होत्या. शालन आणखी दोन पावलं पुढे आली. पदर पाण्यावर पसरला.

लाट आली, नाकावरून गेली, ओसरली. मी खोकलो. पाच एक्केचाळीस.

आवाज वेळेवर आला. पाण्याखालून, माझ्या बरगड्यांच्या उंचीवरून. शब्द वर येईपर्यंत फुटत होते. पहिला "अहो" तेवढा मला कळला, कारण तो मी अडतीस वर्षं ऐकत आलो आहे. त्याच्यापुढे ती भराभर बोलत होती आणि एक मिनिट होतं.

मी श्वास भरून घेतला, हाताने खडक चाचपला आणि तिच्या शेजारी बसलो.